मधुमेह असलेल्या वृद्ध मांजरीच्या सांधेदुखीवर काय द्यावे?

आपल्या १४ वर्षांच्या, इन्सुलिन चालू असलेल्या मांजरीला हल्ली पलंगावर उडी मारता येत नाही, तर घरातली वेदनाशामक गोळी थोडीशी द्यावी का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. पॅरासिटामॉलचा लहानसा तुकडाही मांजरीच्या जिवावर बेततो, कारण ते निकामी करण्याची क्षमता तिच्या यकृतात फारच तोकडी असते. आयबुप्रोफेनही वर्ज्यच समजावे.

मुळात हे दुखणे सांध्यांचेच आहे ना, हे आधी तपासून घ्यावे. ती मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालत असेल, तर अनियंत्रित साखरेमुळे नसा दुखावल्या असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेथे साखर आटोक्यात आणणे हाच मुख्य इलाज होय. स्टेरॉइडने साखर भडकते, म्हणून ते शक्यतो टाळावे. मेलॉक्सिकॅम हे सूज व वेदना कमी करणारे औषध उपयोगी पडते, परंतु मूत्रपिंडांची तपासणी झाल्यावर आणि पशुवैद्यांनी ठरवलेल्या मात्रेतच. नागपूरच्या मे महिन्यात, अंगातले पाणी कमी झालेले असताना, तर विशेष जपून. मूत्रपिंडे कमकुवत असल्यास बहुधा गॅबापेंटिन या दुसऱ्या वेदनाशामक औषधाचा विचार होतो. त्याने सुरुवातीला गुंगी येते, आणि त्या गुंगीत तिने जेवण टाळले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचे इन्सुलिन टोचू नये.

पलंगाशी एखादा पाट ठेवावा, शी-शूसाठीचा मातीचा ट्रे ठेंगण्या काठाचा घ्यावा. तपासणीसाठी नागपुरातील सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येईल; जाताना साखरेच्या नोंदी आणि तिच्या चालण्याचा व्हिडिओ सोबत असू द्यावा, कारण दवाखान्यात घाबरलेली मांजर सहसा चालून दाखवत नाही.