हॅवलॉकवर डाइव्ह शॉप काढायचं म्हणणाऱ्या खानापूरच्या मित्राला, जरा सविस्तर

तुझे प्रश्न दोन. बेंगळुरूची आयटीतली नोकरी सोडून अंदमानात हॅवलॉक बेटावर छोटं डाइव्ह शॉप, म्हणजे लोकांना सिलिंडर लावून समुद्राखाली फिरवून आणायचं दुकान, काढायचं मनात आहे, तर तिथला रोजचा दिवस कसा असतो, हा पहिला. आणि तोवर चव म्हणून येत्या रविवारी तारकर्लीला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगावला परतलं तर चालेल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, पण ते वाचल्याशिवाय गाडी काढू नकोस.

मी मूळचा बेळगावच्या उद्यमबागेतला, कारखान्यांच्या वसाहतीतला. हायड्रॉलिक पंपांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. अंदमानात जाऊन दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली राबलो, इन्स्ट्रक्टर झालो, आणि आता दोघा भागीदारांबरोबर लहानसं दुकान चालवतो. इथे तुझ्या प्रश्नाखाली दोघातिघांनी तुला लिहिलंय की पोहणं जबरदस्त पाहिजे, समुद्राचं वेड पाहिजे. असू दे की. पण गिऱ्हाईक पाण्याखाली असतं तीस-चाळीस मिनिटं, आणि दुकान उरलेला सगळा वेळ पाण्याबाहेर चालतं.

सकाळपासून धर. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे साडेपाचच्या आसपास लख्ख उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडालेला असतो. समुद्र सकाळी निवांत, दुपारून वारा सुटतो. म्हणून पहिली बोट सहा-साडेसहाला सोडायची आणि त्यासाठी साडेचारला उठायचं. उठलं की आधी सिलिंडर. एकेकाला गेज लावून दाब बघायचा, दोनशे बारच्या आसपास पाहिजे (बार म्हणजे दाबाचं माप, उघड्यावरच्या हवेचा दाब साधारण एक बार). मग व्हॉल्व्हच्या तोंडातली ओ-रिंग बघायची. करंगळीच्या नखाएवढी रबरी कडी, पण ती बोटीवर फुटली की फस्सकन हवा जाते आणि पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक तिथेच अर्धं गार होतं. आम्हा सगळ्यांच्या खिशात सुट्ट्या ओ-रिंगा पडलेल्या असतात, धुण्यातसुद्धा सापडतात.

आता कंप्रेसर. ह्यावर जरा वेळ घालवतो, कारण ह्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे कंप्रेसर म्हटलं की पंक्चरवाल्याचा डोळ्यासमोर येतो. तो आठ-दहा बारवर थांबतो. हा तीन-चार टप्प्यांत हवा दाबत दोनशेच्या वर नेतो, आणि ती हवा माणूस छातीत घेणार असतो. बेटावरची वीज डिझेल जनरेटरवरची, तिचा भरवसा किती ते तूच समज. लाइट गेली की आम्ही कंप्रेसर इंजिनावर चालवतो. इंजिन म्हणजे धूर. हवा खेचणारी नळी उंचावर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन बांधलेली असते, पण वारा फिरतो. फिरला आणि धूर नळीत गेला तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरात. त्याला वास नाही, चव नाही, आणि खोलवर दाब वाढला की तोच वायू जास्त जोरात बाधतो. म्हणून कंप्रेसर चालू असताना एक माणूस तिथून हलत नाही. चहासुद्धा त्याला तिथेच.

हवेतला ओलावा दाबाने पाणी होऊन खाली साठतो, तो दर थोड्या वेळाने सोडून द्यावा लागतो. फिल्टरमध्ये कोळशाची पूड आणि ओलावा ओढणारे दाणे असतात. ते किती तास चालतील हे कंपनी लिहून देते, पण दमट बेटावर त्या आकड्यावर विसंबलास तर फसलास, आम्ही बऱ्याच आधी बदलतो. शंका आली की पांढरं फडकं व्हॉल्व्हसमोर धरून हवा सोडायची. पिवळट डाग पडला किंवा तेलाचा वास आला, तर ते सिलिंडर बाजूला आणि कंप्रेसर बंद, मग बाहेर कितीही गिऱ्हाइकं उभी असोत. आणखी एक, घाईत भरलेलं सिलिंडर तापतं. गेज दोनशे दाखवतं, गार झाल्यावर एकशेऐंशीवर येतं. हळू भरणारा पोरगा मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त दे.

बिघाड झाला तर पार्ट चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला (सरकारी नाव आता श्री विजयपुरम), तिथून फेरीने बेटावर. तेवढे दिवस दुकान बंद ठेवणार का? म्हणून सांगतो, जायच्या आधी उद्यमबागेत ओळख काढ आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन बस. पिस्टन रिंग, सील, व्हॉल्व्ह प्लेट हाताने उघडून बघ. बेटावर सुंदर पोहणारे पुष्कळ मिळतात, पाना धरता येणारा मिळत नाही.

दुपारी बोट आली की धुणं. खारं पाणी पितळ खातं, चेन खातं, रबर खातं. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाला देणारं यंत्र), जॅकेट, सूट, सगळं गोड्या पाण्यात बुडवायचं. रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याचं, म्हणजे सिलिंडरला जोडतात त्या तोंडाचं, टोपण लावल्याशिवाय टबात टाकलं की पाणी आत शिरलं आणि सर्व्हिसिंग आलंच. नवा पोरगा ठेवलास की पहिला आठवडा फक्त एवढंच बघ. वेटसूटात लोक काय करतात ते विचारू नकोस, डेटॉल घाऊक आणतो एवढं सांगतो. आणि एप्रिलात गोड्या पाण्याचीच तंगी. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली असेल तर तुला ते नवीन नाही.

गिऱ्हाइकांचं सांगतो. निम्म्याहून जास्त लोक एकदाच डाइव्ह करणारे, पोहता न येणारे. त्यांना जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेता येतं, आणि आम्ही एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर देतो, तो पूर्ण वेळ त्याला धरून असतो. ही माणसं सोपी, घाबरलेली असल्याने सांगितलेलं ऐकतात. अवघड जातात ती आपल्यासारखी, विहिरीत शिकलेली. काठावरून मुटका मारायचा, श्वास कोंडून तळाची माती आणायची, ह्यात आपण लहानपणापासून पटाईत. स्कूबात पहिला नियम श्वास कधीच कोंडायचा नाही. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलास तर तीच हवा फुगून दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे दहावीच्या पोरालाही कळतं, पण घाबरल्यावर छाती जुन्या सवयीने बंद होते. खानापूर-चंदगडकडची पोरं आली की मी त्यांना उथळ पाण्यात नुसतं गुडघ्यावर बसवून फुगे काढायला लावतो. त्यांना फार राग येतो.

मराठी लोक खूप येतात, टूरच्या ग्रुपबरोबर, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघून पुढे हॅवलॉकला. एकदा असाच ग्रुप आलेला. साठीचे काका, उत्साही, वैद्यकीय फॉर्मवर सगळीकडे 'नाही'वर खूण. दमा नाही, बीपी नाही, काहीच नाही. शेजारून काकू शांतपणे म्हणाल्या, "मग पिशवीतला पंप कुणाचा ओ?" काका म्हणाले, "तो थंडीपुरता." मी म्हटलं, "काका, डॉक्टरांची सही असल्याशिवाय मी तुम्हाला खाली नेणार नाही. पैसे परत देतो." काका चिडले, ग्रुपचा मॅनेजर त्याहून चिडला, शेजारचं दुकान घेऊन जाईल म्हणाला. जाऊ दे म्हटलं. त्या मॅनेजरने पुढे आमच्याकडे माणसं पाठवली नाहीत, आणि हॉटेलं, टॅक्सी, टूरवाले यांच्या कमिशनवर निम्मं बेट जगतं, म्हणजे नुकसान किती ते तू काढ. पण खोलवर दम्याचा झटका आला तर मी काय करणार होतो? रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हमध्ये बाधलेल्या माणसाला परत दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली, पोर्ट ब्लेअरला नौदलाकडे आहे, मधे समुद्र. बोटीवर ऑक्सिजनचं किट असतं, डॉक्टर नसतो.

सर्दी झालेला, रात्रीची उतरलेली नसलेला, नवऱ्याच्या आग्रहाने आलेली आणि डोळ्यांत पाणी असलेली बायको, ह्या सगळ्यांना नको म्हणावं लागतं, तेही सीझनच्या ऐन भरात, हप्ते डोक्यावर असताना. आपण माणसं भिडेखातर गप्प बसणारी. तो स्वभाव बदलणार नसेल तर गिऱ्हाइकांच्या तोंडाला भागीदार ठेव आणि तू कंप्रेसर सांभाळ.

संध्याकाळी वाटतं आता सुटलो. तेव्हा फोटो सुरू होतात. "दादा, व्हिडिओ कधी पाठवणार?" आधी उपग्रहावरचं इंटरनेट होतं, एक क्लिप चढायला रात्र जायची. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली आणि हाल कमी झाले, अपेक्षा वाढल्या. माशांपेक्षा स्वतःचा फोटो जास्त महत्त्वाचा, हे मान्य करून टाक, चिडू नकोस. त्यावरच बरीच कमाई आहे.

भाषेचं एक सांगतो, कारण तू विचारलंयस की तिथे परकं वाटतं का. हॅवलॉकवरची जुनी वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे डुंगीवाले (लहान बोटवाले), जागामालक, मासळीवाले बंगाली बोलतात, आणि सगळे मिळून हिंदी. गिऱ्हाइकांत बेंगळुरूची पोरं भरपूर. घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेत चार शब्द सांगितले की त्याचा श्वास निम्मा शांत होतो. बेळगावात मराठी-कन्नडवरून आपण काय काय ऐकलं-भोगलंय ते तुला माहीत आहे, त्यात शिरत नाही. पण दोन्ही भाषा येणं तिथे रोख भांडवल आहे.

हवामानाने सगळा बेत मोडतो, हे गृहीत धर. सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि फेरीबोटी बंद पडतात. डिसेंबर 2016 मध्ये, पुढे ज्याचं वरदा चक्रीवादळ झालं त्या पट्ट्याने, हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. अशा दिवसांत बुकिंगचे पैसे परत, पगार चालू. आणि समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानात फार मोठ्या प्रमाणावर पडलं होतं, तेव्हाचे काही उथळ भाग अजून पूर्वीसारखे झालेले नाहीत. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर रंगीत बघून येतं आणि विचारतं, इथे राखाडी का? उत्तर द्यायची तयारी ठेव.

जूनपासून चार महिने जवळजवळ काही नाही. मी गावी येतो. आमची दीडेक एकर भातशेती आहे, नेमकी रोप लावणी त्याच दिवसांत येते, म्हणून जमून जातं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक झाली की परत. म्हणजे आठ महिन्यांत बारा महिन्यांचं भाडं, पगार, बोटीची डागडुजी काढायची. पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्याकडून साडेतीन-चार हजार मिळतात ते ऐकून तू गुणाकार केला असशील. त्यातून कमिशन, इंधन, इन्स्ट्रक्टर, फिल्टर वजा कर आणि मग परत गुणाकार कर.

तुझ्या जागी मी असतो तर आत्ता पैसे घातले नसते. आधी ओपन वॉटर कोर्स कर, अठरा मीटरपर्यंतचा. मग ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर. इन्स्ट्रक्टर व्हायला तुझ्या वहीत शंभर डाइव्ह नोंदलेल्या लागतात, तेव्हा वर्ष-दोन वर्षं जाणारच. अंदमानलाच जायला पाहिजे असं नाही. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर बोटी जातात, चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. ह्यातल्या कुठल्याही दुकानात एक सीझन सिलिंडर उचलायचं काम धर. एक सिलिंडर भरलेलं चौदा-पंधरा किलोच्या पुढे, वाळूतून, दिवसभर. तेवढं करून मे महिन्यात पण हौस शिल्लक असेल तर मला कळव, जागा, परवानग्या, बोटीची नोंदणी, सगळं बसून सांगतो. घरच्यांना काय सांगू विचारलंस, तर एक वर्षाची बिनपगारी रजा मिळते का बघतोय एवढंच सांग, राजीनाम्याचं नाव काढू नकोस.

आता तारकर्ली. डाइव्हमध्ये श्वासातला नायट्रोजन दाबामुळे अंगात विरघळतो आणि वर आल्यावर तासन्‌तास हळूहळू बाहेर पडत असतो. त्यात तू उंचीवर गेलास, म्हणजे हवेचा दाब कमी झाला, तर तो बुडबुडे होऊन सांध्यांत, नसांत त्रास देऊ शकतो. सगळे विमानाचं बोलतात, एका डाइव्हनंतर निदान बारा तास, जास्त झाल्या तर अठरा तास थांबा म्हणून. पण डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ह्या डाइव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेच्या सूचनेत उंची दोन हजार फुटांपासून धरलेली आहे, आणि आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अडीच हजार फूट. आंबोली चढलास की तू त्या हद्दीत गेलास. तारकर्लीतली पहिली डाइव्ह उथळ असते, धोका थोडा, पण तुझ्या बरोबरचा कुणी मित्र दोन डाइव्ह करणार असेल आणि तोच गाडी चालवणार असेल तर अजिबात नको. शनिवारी सकाळी डाइव्ह करा, रात्री मालवणात राहा, मासे खा, रविवारी दुपारी घाट चढा. रविवारशिवाय जमत नसेल तर सोमवारची रजा टाक. आणि घरी आल्यावर सांधा दुखला, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले तर झोपून काढू नकोस. हॉस्पिटलात गेलास की डाइव्ह केली होती हे डॉक्टरांना आधी सांग आणि ऑक्सिजन लावायला सांग.