रोज 120/80 कसं येतं, काका?

"मॅडम, बाबा ऑनलाइन सेशनला बसतात, मान डोलावतात आणि नंतर त्यांचं ते सुरू. या वयात स्क्रीनवरून हृदय सांभाळायला शिकता येतं का हो?" मुलामुलींचा हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की उत्तर एकदा लिहूनच टाकते.

एक काका, वय 72, अँजिओप्लास्टी झालेली. घरी बीपी मोजून रोज नोंद पाठवायची ठरलं होतं. तीन आठवडे रोज 120/80. इतकं शिस्तीचं बीपी कुणाचंच नसतं! मी चोरी पकडल्याचं दाखवलं नाही. पुढच्या वेळी लेकीला खोलीबाहेर पाठवलं आणि विचारलं, "काका, आकडा वाढलेला दिसला की घरात काय होतं?"

बराच वेळ शांतता. मला वाटलं, नेट गेलं.

"लेक रागावते. मग दिवसभर मीठ, चालणं, गोळ्या... प्रगतिपुस्तक दाखवल्यासारखं वाटतं. म्हणून पास होण्यापुरते मार्क लिहितो."

माणूस ऐकत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा त्याचं कुणी ऐकलेलं नसतं. मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. उपदेशाआधी ऐकणं, हे माझं जुनं वेड. त्या दिवशी ते कामी आलं, याचा आनंद अजून आहे.

मग लेकीशी ठरवलं: वही बाबांची, त्यांना विचारल्याशिवाय तिने बघायची नाही. काकांना मोजायची पद्धत कॅमेऱ्यासमोर दाखवली. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठीला आधार, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. मोजताना बोलायचं नाही (हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं). चालण्याचं मी काही बोललेच नाही. मित्राकडे बुद्धिबळ खेळायला दोन जिने चढायचेत, हे त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांपासून सुरुवात झाली; चालताना बोलता यावं, एवढाच वेग.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावते: छातीत दुखलं, दम लागला, दरदरून घाम फुटला तर सेशनची वाट बघू नका, मला मेसेज करू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. आणि गोळ्या कमीजास्त करणं माझं काम नाही.

पुढच्या आठवड्यात काकांची नोंद आली: 148/88. खाली लिहिलं होतं, "हे खरं आहे." आठवडाभराचे तसेच आकडे घेऊन ते स्वतः डॉक्टरांकडे गेले, आणि गोळीची मात्रा बदलून आले.