“ह्यांना माझी कदरच नाही”

“हे वाईट नाहीत हो, मॅडम. पण ह्यांना माझी कदरच नाही. की मलाच उगाच तसं वाटतं?” लग्नाला दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायका हे हमखास विचारतात. पुरुषही विचारतात, फक्त बायको बाहेर गेल्यावर.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेलं हे जोडपं बोरिवलीचं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दोघांची नोकरी, दोघांची लोकल, मुलगा दहावीत, घरात सासूबाई. मी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्नावली दिली. जोडप्याचं एकमेकांशी किती जमतं ते मोजणारी, संशोधक ग्रॅहम स्पॅनियर यांनी १९७६ मध्ये तयार केलेली ही मोजपट्टी आजही वापरात आहे. ३२ प्रश्न, पैकी प्रेम व्यक्त करण्याबद्दलचे जेमतेम ४. दखल घेण्याला तर वेगळं खातंच नाही. म्हणून माझे काही प्रश्न जोडते: तुमचे कष्ट जोडीदाराच्या लक्षात येतात का? चारचौघांत तो तुमच्याबद्दल चांगलं बोलतो का? मग तेच प्रश्न पुन्हा द्यायचे, पण ‘जोडीदार काय लिहील’ ते ओळखून भरायला. माझ्या लेखी खरी माहिती या दुसऱ्या कागदात असते.

त्यांची एकूण बेरीज चांगली होती. पैसा, मुलाचं शिक्षण, नातेवाईक, सगळ्यावर एकमत. पण कदरीच्या प्रश्नांवर तिने बहुतेक ठिकाणी ‘क्वचित’ लिहिलं होतं, आणि ती ‘नेहमी’ लिहील असं त्याने धरलं होतं.

कागद शेजारी ठेवल्यावर तो गप्पच झाला. मग म्हणाला, “अख्खा पगार हिच्या हातात देतो.”

“पगार देता,” ती म्हणाली. “आईंच्या आजारपणात मी महिनाभर रजा काढली, त्यावर एक शब्द बोललात?”

त्याच्या कागदावरही एक ‘कधीच नाही’ होतं: माझा थकवा हिच्या लक्षात येतो का? तिचा अंदाज होता ‘बरेचदा’. ते तिला बोचलं.

तेव्हा ‘मलाच तसं वाटतं का’ याचं उत्तर: हो, प्रश्नावली वाटणंच मोजते. प्रेम किती आहे ते ती सांगत नाही, आणि बेरीज चांगली आली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. या दोघांशी पुढचं काम मी बेरजेवर केलंच नाही. अंदाज चुकला तेवढेच प्रश्न घेतले, एका भेटीत एक.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर मात्र हे कागद समोरासमोर उघडायचे नसतात. तिथे आधी समुपदेशकाला एकट्याने भेटा.