रात्री प्रेशर जास्त, सकाळी धार नाही: पीआरव्ही बदलण्याआधी काय तपासायचं?

तुमचा फ्लॅट पुण्यात २४ मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर. रात्री जेट स्प्रेचा पाइप दोनदा फुटला, सकाळी शॉवरला धार येत नाही, आणि प्लंबर म्हणतोय रेग्युलेटर, म्हणजे पाण्याचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व (पीआरव्ही), बदला. आज लगेच बदलू नका. आधी हार्डवेअरच्या दुकानातून ० ते १० किलोचा प्रेशर गेज आणा आणि वॉशिंग मशीनच्या नळाला लावा. मी उंच इमारतींच्या पाण्याच्या लाइनची कामं करतो. गेज न लावता बदललेले चांगले पीआरव्ही भंगारात जाताना बघून वाईट वाटतं.

आधी हिशोब. १० मीटर उंचीला १ किलो प्रेशर (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो). टेरेसची टाकी तुमच्यापेक्षा साधारण १८-१९ मजले वर आहे, मजल्याला ३ मीटर धरले तरी साडेपाच किलोच्या आसपास येतं. घरात अडीच-तीन किलो भरपूर झालं. मधला फरक पीआरव्ही खातो.

आता गिझर बंद ठेवा, एक नळ थोडा वेळ सोडा, मग घरातले सगळे नळ बंद करून गेज बघत राहा. काटा तीनवर येऊन तिथेच थांबला तर व्हॉल्वची सीट, म्हणजे आतला वॉशर टेकून पाणी अडवतो ती जागा, ठीक आहे. तासाभरात तो हळूहळू चढत पाचच्या वर गेला, तर व्हॉल्व पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी पुढे सोडतोय. सीटवर बारीक वाळू किंवा क्षाराचा कण अडकलेला असतो, नाहीतर वॉशर कापला गेलेला असतो. दिवसा पाणी वापरात असल्यामुळे हे कळत नाही, रात्री नळ बंद झाले की पाइपवर ताण येतो.

हीच चाचणी गिझर चालू ठेवूनही करा, कारण पीआरव्हीच्या पुढे तापलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं. घरात प्रेशर पंप नसताना काटा टाकीच्या हिशोबापेक्षाही वर गेला, तर कारण गिझरच. अशा वेळी गिझरचा सेफ्टी व्हॉल्व थेंब थेंब गळतो. कृपा करून तो कधीही बूच मारून बंद करू नका, टाकी फुटू शकते.

सकाळच्या धारेसाठी दुसरी चाचणी. शॉवर पूर्ण सोडा आणि काटा बघा. तीनवरून अडीच-दोनपर्यंत उतरणं चालतं. एकच्या खाली कोसळला तर पीआरव्हीची जाळी तुंबलेली आहे, किंवा आधीचा गेट व्हॉल्व अर्धवट उघडा आहे. फक्त गरम पाणीच कमी येत असेल तर पीआरव्हीला हात लावू नका, गिझरच्या लाइनवर शोधा.

माझ्या मते तुमच्याकडे हेच झालंय: जाळी तुंबली, धार कमी झाली, आणि कोणीतरी पीआरव्हीच्या डोक्यावरचा स्क्रू आवळून प्रेशर वाढवलं. जाळीतून पाणीच येत नसेल तर स्क्रूने धार वाढत नाही, नळ बंद असतानाचं प्रेशर मात्र वाढतं. मग पाइप फुटतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हा प्रकार फार दिसतो.

डक्टमधला पीआरव्हीच्या आधीचा व्हॉल्व बंद करा, नळ सोडून प्रेशर उतरवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा. क्षार बसला असेल तर व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा. पाणी सुरू केल्यावर लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा आणि प्रेशर अडीच-तीनवर आणा. बहुतेक व्हॉल्वमध्ये उजवीकडे फिरवलं की प्रेशर वाढतं. कमी करताना प्रत्येक वेळी नळ थोडा सोडून बंद करा, नाहीतर अडकलेलं जुनं प्रेशरच गेजवर दिसत राहतं.

एवढं करूनही काटा चढतच राहिला तर सीट-वॉशरचा किट किंवा आतली कार्ट्रिज मिळते का बघा, आणि मिळाली नाही तरच नवीन व्हॉल्व घ्या. तो बसवताना अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, स्वतः पाहा.

एक पीआरव्ही तीन-चार मजल्यांना मिळून असेल तर शेजाऱ्यांना विचारा. त्यांनाही हाच त्रास असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची. टेरेसची टाकी धुतल्यानंतर गाळ खाली येतो, त्यामुळे त्याच आठवड्यात सगळ्या जाळ्या साफ करायला मॅनेजरला सांगा.