श्मिटा : ‘पडीक वर्ष’ की ‘हक्कसोडीचे वर्ष’?

पर्यावरणावरच्या लेखाचा अनुवाद करताना अडलेल्या एका वाचकाने विचारले आहे : ज्यू परंपरेत दर सातव्या वर्षी शेती थांबवतात, त्या ‘श्मिटा’ला मराठीत ‘पडीक वर्ष’ म्हणावे का?

‘पडीक’ नकोच. पडीक जमिनीकडे कुणी फिरकत नाही, तिथे घाणेरी माजते. मुद्दाम विसावा दिलेल्या रानाला आपला शेतकरी ‘पड ठेवलं’ म्हणतो. सरकारी आकडेवारीतही ‘चालू पड’ असते. म्हणून ‘पड’ जवळचा वाटतो. पण पड ठेवणारा एक तुकडा राखतो आणि दुसरा पेरतो, शिवाय राखलेल्या तुकड्याचा मालक तोच असतो. श्मिटात सगळ्या देशाची जमीन एकाच वर्षी थांबते. नुसता मातीचा कस राखायचा असता, तर असे कुणी केले नसते.

‘श्मिटा’च्या हिब्रू धातूचा अर्थ हातातून सोडणे, सैल सोडणे. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सांगितले आहे की सातव्या वर्षीचे गोरगरिबांनी खावे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. पेरणी आणि छाटणी बंद. झाड जगवण्यापुरते पाणी चालते. आपोआप आलेले फळ ‘हेफकेर’, म्हणजे कुणाच्याच मालकीचे नाही. बागेच्या मालकानेही इतरांसारखे घरापुरतेच तोडायचे. त्या फळाची खाण्याजोगी सालसुद्धा लगेच कचऱ्यात टाकत नाहीत, वेगळी ठेवून नासल्यावरच टाकतात. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ‘बिऊर’चा नियम. एखादे फळ रानात जनावरांना मिळेनासे झाले, की घरातला साठाही आपला म्हणून ठेवता येत नाही; बाहेर आणून सगळ्यांसाठी मोकळा करायचा. कोल्ह्याला जे उरले नाही, ते माणसाने कोठीत दडवायचे नाही. पर्यावरणाचा खरा विचार इथे आहे आणि ‘पड’ शब्दात तो येत नाही.

शिवाय बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात हाच शब्द कर्ज सोडून देण्यासाठी येतो. (पुढे सावकार उसने देईनात, तेव्हा हिल्लेल या ज्यू धर्मगुरूने कर्जे न्यायसभेकडे सोपवण्याची तोड काढली.) जमीन आणि कर्ज दोन्हींना लागू पडेल असा शब्द आपल्याकडे दस्तऐवजांतच आहे : हक्कसोड. बहीण भावाला हक्कसोडपत्र करून देते, ते कुठल्या मराठी घराला सांगावे लागत नाही! तेव्हा ‘हक्कसोडीचे वर्ष’ म्हणावे. फरक एवढाच की हक्कसोडपत्राने हक्क कायमचा जातो आणि ठरावीक माणसाला मिळतो. श्मिटात तो वर्षभर सगळ्यांसाठी सुटतो. पहिल्या उल्लेखाला हे एका वाक्यात सांगून पुढे ‘श्मिटा’च वापरावे.

लेखात आजचे इस्राएल असेल, तर १८८९च्या सुमारास सुरू झालेली ‘हेतेर मेखिरा’ची सोय भेटेल : जमीन वर्षापुरती बिगरज्यू माणसाला विकायची आणि शेती चालू ठेवायची. तिथे ‘नाममात्र विक्री’ लिहावे. ‘पळवाट’ म्हणू नये, कारण पोट शेतीवर असलेल्या वसाहतींसाठी धर्मगुरूंनीच ती दिली आणि तिच्यावरचा वाद अजून चालू आहे. मागचे श्मिटा-वर्ष २०२१-२२ होते. पुढचे सप्टेंबर २०२८मध्ये लागेल.

बायबलच्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या २५व्या अध्यायातला ‘जमिनीचा शब्बाथ’ मात्र तसाच ठेवा. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसावा, मराठीला परका नाही. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. जमिनीचे श्मिटा-नियम इस्राएलच्या भूमीपुरतेच असल्याने कोकणातल्या त्यांच्या शेतांना ते कधी लागू झाले नाहीत.