हायड्रोजनच्या ट्रकसाठी थांबावं का? न्हावा शेवा–चाकण रूटचा हिशेब

प्रश्न पुन्हा थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्याकडे बारा ट्रेलर, सगळे न्हावा शेवा बंदर ते चाकण-तळेगाव पट्ट्यात कंटेनर ओढतात. चार घोडे (ट्रेलर ओढणारे पुढचे ट्रक) आता बदलायला आलेत. डीलर इलेक्ट्रिक घ्या म्हणून मागे लागलाय. मेहुणे म्हणतात, बॅटरीच्या भानगडीत पडू नकोस, दोन-तीन वर्षं कळ काढ, हायड्रोजन येतोय, टाटांनी चाचण्यासुद्धा सुरू केल्यात. ऐकायचं कुणाचं?

माझी सगळी नोकरी ट्रकच्या फ्लीट मेंटेनन्समध्ये गेली आणि हल्ली ट्रान्सपोर्टरना असलेच हिशेब करून देतो, त्यामुळे उत्तर लांबणार. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: या रूटवर हायड्रोजनची वाट बघण्यात अर्थ नाही. चारही गाड्या एकदम इलेक्ट्रिक घ्यायच्या का, ते मात्र तुमच्या यार्डात महावितरण किती लोड देतं यावर ठरेल.

मेहुण्यांच्या बोलण्यात एक घोळ आहे आणि तो सगळ्यांचाच होतो. फ्युएल सेलचा ट्रक हाही इलेक्ट्रिक ट्रकच असतो. मोटर तीच, चाकापर्यंतची यंत्रणा जवळपास तीच. फरक एवढाच, की वीज भरून न्यायची की टाकीत हायड्रोजन नेऊन गाडीतच वीज तयार करायची. ह्युंदाईच्या एक्सियंटमध्ये ९० किलोवॅटचे दोन फ्युएल सेल असतात आणि शिवाय ७२ युनिटची बॅटरीही. ३५० बार दाबाच्या टाक्यांत साधारण ३१ किलो हायड्रोजन, रेंज ४०० किलोमीटरच्या आसपास. टाटांच्या चाचणीत आणखी तिसरा प्रकार आहे, हायड्रोजन थेट इंजिनात जाळणारा. त्यात मोटर नाही, बॅटरीत परत वीज भरणं नाही, आणि हवेतल्या नायट्रोजनमुळे नायट्रोजन ऑक्साइडही निघतात. 'हायड्रोजन म्हणजे सायलेन्सरमधून नुसतं पाणी' हे फ्युएल सेललाच लागू आहे.

त्या चाचणीचा आवाकाही बघा. मार्च २०२५ मध्ये नितीन गडकरी आणि प्रल्हाद जोशी यांनी टाटांच्या १६ गाड्यांना झेंडा दाखवला. मुदत २४ महिन्यांपर्यंत. मुंबई, पुणे, सुरत, वडोदरा, दिल्ली परिसर, जमशेदपूर, कलिंगनगर या भागांतले रूट. केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातून वाहनांचे जे पाच प्रकल्प मंजूर केलेत, त्यांत देशभरातल्या बस आणि ट्रक मिळून ३७ गाड्या आणि ९ पंप आहेत. खर्च सुमारे २०८ कोटी. प्रयोग म्हणून उत्तम आहे, व्हायलाच हवा. पण त्याचे निष्कर्ष येणार, मग गाडी बाजारात येणार, मग पंप उभे राहणार. तोवर तुमचे जुने चार घोडे गॅरेजमध्येच जास्त दिसतील.

आता मुख्य हिशेब. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून टाकीत भरायला आणखी तीन-चार युनिट. त्या किलोत ऊर्जा असते ३३ युनिट आणि फ्युएल सेल त्यातली साधारण निम्मी विजेत बदलतो. म्हणजे ५५-५८ युनिट घातले तेव्हा मोटरला १६-१७ मिळाले. बॅटरीच्या ट्रकमध्ये चार्जर, केबल, बॅटरी यांतली गळती धरूनही शंभरातले ऐंशीच्या पुढे मोटरपर्यंत पोचतात. हायड्रोजनचे तीसही पोचत नाहीत. तंत्रज्ञान सुधारेल तसा हा फरक थोडा कमी होईल, मिटणार नाही, कारण विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची परत वीज हा दुहेरी फेरा काही टळत नाही.

पैशात सांगतो. ५५ टन पासिंगचा ट्रेलर जाता-येता धरून लिटरला पावणेतीनचं अॅव्हरेज देतो असं समजा. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला ३३ रुपये. तीच गाडी विजेवर किलोमीटरला दीड युनिट घेईल. स्वतःच्या यार्डात नऊ-दहा रुपयांनी वीज पडली तर १४-१५ रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर १८ रुपये मोजलेत तर २७, म्हणजे बचतीतला मोठा वाटा तिथेच गेला. हायड्रोजन किलोमीटरला ८०-९० ग्रॅम लागेल. पानिपत रिफायनरीच्या हरित हायड्रोजनचा जो दर २०२५ मध्ये निघाला तो किलोला चारशे रुपयांच्या आसपास होता, तोही प्लांटच्या दारात. त्या दराने ३२ ते ३६ रुपये झाले, म्हणजे डिझेलच्या बरोबरीला. वाहतूक, दाब देणं, पंपाचं भांडवल हे सगळं त्यावर चढायचं आहे.

वाहतुकीचा मुद्दा लोक विसरतात, आपल्या धंद्यातल्यांनी तरी विसरू नये. स्टीलच्या नळकांड्यांचा ट्रेलर, चाळीस टनांच्या घरातलं वजन, आणि आत माल किती? तीन-चारशे किलो हायड्रोजन. त्यात जेमतेम दहा ट्रक भरतील. डिझेलचा एक टँकर साठ-सत्तर ट्रकांच्या टाक्या भरून देतो. म्हणजे हायड्रोजनच्या पंपावर टँकरांचीच रांग लागणार, नाहीतर पंपाजवळच तो तयार करावा लागणार. आणि तिथे तयार करायचा तर लोड महावितरणकडूनच घ्यायचा, तोही बॅटरीच्या चार्जिंगपेक्षा तिप्पट.

आता बोरघाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण आहे. ५५ टन तेवढं वर न्यायला नुसते चाकावर ८० युनिट लागतात, बॅटरीतून शंभराच्या आसपास जातात. सपाटीवर भरलेली गाडी किलोमीटरला १.३५ युनिट घेते असं धरलं, तर बंदरापासून चाकणपर्यंतच्या सव्वाशे किलोमीटरला सगळे मिळून २६५-२७० युनिट झाले. स्वॅपिंगच्या, म्हणजे रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवायच्या गाड्यांत २८२ युनिटचा पॅक बराच चालतो. तो घेऊन पूर्ण भरलेला ट्रेलर निघाला तर चाकणला पोचताना काटा तळाला टेकलेला असेल, आणि एक्स्प्रेस वेला जाम लागला की ड्रायव्हरचा फोन येणारच. त्यामुळे या रूटला एक तर मोठी बॅटरी हवी, नाहीतर वरच्या टोकाला, चाकणला, चार्जिंग किंवा स्वॅप हवा. डीलर रेंज सांगतो ती कुठल्या वजनाला आणि कुठल्या रस्त्याला, हे लिहून मागा.

उतारावर मात्र बॅटरीची मजा आहे. एक्स्पोर्टचा भरलेला कंटेनर घेऊन उतरताना पन्नास-साठ युनिट परत भरले जाऊ शकतात, फक्त पुण्याहून निघताना बॅटरी शंभर टक्के भरू नका, जागा ठेवा. ब्रेक लायनिंग वाचतं, ब्रेक तापत नाहीत. फ्युएल सेलच्या ट्रकलाही हा फायदा मिळतो, पण त्याची बॅटरी छोटी; अर्धा घाट उतरेपर्यंत ती भरते आणि पुढे रिटार्डर, म्हणजे वेग रोखून ती ऊर्जा उष्णतेत घालवणारी यंत्रणा. हायड्रोजन इंजिनवाल्याला यातलं काहीच मिळत नाही.

परदेशात काय झालं ते बघितलं तर तुमच्या मेहुण्यांचाही मुद्दा नीट तपासला जाईल. अमेरिकेतल्या निकोला या हायड्रोजन ट्रकच्या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचा संस्थापक गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरला होता (पुढे ट्रम्पनी त्याला माफी दिली, तो भाग वेगळा). उतारावरून गडगडत सोडलेला ट्रक स्वतःच्या ताकदीने धावतोय असं भासवणारा तिचा व्हिडिओ गाजलाच होता. पण एक लबाड निघाला म्हणून तंत्रज्ञान खोटं ठरत नाही. त्याच निकोलाच्या बॅटरी ट्रकना २०२३ मध्ये आगी लागून सगळे परत बोलवावे लागले होते. मला स्वित्झर्लंडचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे सगळं प्रामाणिकपणे झालं. २०२० पासून ह्युंदाईचे चाळीसच्या वर हायड्रोजन ट्रक तिथे धावले, जलविद्युतवर तयार केलेला हायड्रोजन होता, आणि हिशेब जुळण्याचं मोठं कारण म्हणजे अवजड वाहनांवरच्या भरमसाट रस्ता करातून मिळालेली माफी. ती माफी बॅटरीच्या ट्रकनाही आहे. चांगले बॅटरी ट्रक बाजारात आल्यावर हायड्रोजनचं ते वेगळेपण गेलं.

जर्मनीच्या डाइमलर ट्रक कंपनीचंही तेच. त्यांच्या द्रवरूप हायड्रोजनच्या ट्रकने सप्टेंबर २०२३ मध्ये एका टाकीत १,०४७ किलोमीटर धावून दाखवलं. गाडी खरोखर चांगली आहे. तरी २०२५ मध्ये कंपनीने त्याचं मोठं उत्पादन २०३० नंतरच्या काळावर ढकललं, कारण पंपांचं जाळं उभं राहत नाही. दरम्यान ६०० युनिटच्या वर बॅटरी आणि ५०० किलोमीटर रेंज असलेला त्यांचा ईअॅक्ट्रॉस ६०० कारखान्यातून बाहेर पडतोय. चीनमध्ये २०२४ या एका वर्षात नव्या ऊर्जेवरचे ८० हजारांच्या घरात अवजड ट्रक विकले गेले आणि त्यातले बहुतेक बॅटरीवरचे. सुट्या भागांची किंमत कुठे उतरणार हे त्यावरून कळतं.

'पर्यावरणासाठी' म्हणून कुणी गळ घालत असेल तर त्याला हे आकडे दाखवा. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. किलोमीटरला दीड युनिट म्हणजे किलोभराच्या थोडं वर. डिझेलचा ट्रेलर धुरांड्यातून किलोमीटरला किलोभराच्या किंचित खाली सोडतो, विहिरीपासून रिफायनरीपर्यंतचं धरलं तर किलोच्या वर जातो. म्हणजे आज जवळजवळ बरोबरी. फायदा खरा होतो तो छतावर सोलर टाकलंत किंवा दुपारी चार्जिंग केलंत तर. तीच ग्रिडची वीज वापरून हायड्रोजन केला तर मात्र डिझेलच्या तिप्पट-चौपट. भारताच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे किलोमागे २ किलोच्या आत उत्सर्जन असेल तरच तो हरित हायड्रोजन, आणि तेवढा शुद्ध माल आधी खताच्या कारखान्यांना आणि रिफायनऱ्यांना लागणार आहे. त्यांच्याकडे दुसरा पर्याय नाही, आपल्याकडे आहे.

हायड्रोजन ट्रकला कुठेच जागा नाही असं मी म्हणत नाही. लेहमध्ये एनटीपीसीच्या फ्युएल सेल बस आहेत, छत्तीसगडमध्ये अदानींनी खाणीच्या कोळशासाठी ४० टनी ट्रक उतरवलाय. एकच मालक, ठरलेला रस्ता, इंधन आपलंच, अशा ठिकाणी जमू शकतं. गंमत अशी, की नेमक्या अशाच ठिकाणी बॅटरीही सगळ्यात सोपी जाते. खरी अडचण आहे ती मुंबई-कोलकाता करणाऱ्याची. त्याला आज मी दोन्ही सुचवणार नाही, डिझेल किंवा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) बघ म्हणेन.

आता बॅटरीची दुखणी, कारण डीलर ती सांगणार नाही. किंमत डिझेलच्या दुप्पट ते अडीचपट. फायनान्स कंपन्या जुन्या इलेक्ट्रिक ट्रकला काय भाव येईल याचा अंदाज नसल्याने व्याज जास्त लावतात किंवा मुदत कमी देतात. सहाशे युनिटची बॅटरी चार-साडेचार टनांची. स्टीलच्या कॉइल ओढणाऱ्याला ते थेट भाड्यात लागतं, तुम्हाला कमी, कारण तुमचे बरेच कंटेनर वजनाआधी जागेने भरतात. आणि लोड: चार गाड्या २४० किलोवॅटच्या चार्जरवर एकदम लावल्या तर जवळपास एक मेगावॅट. त्यासाठी एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, ट्रान्सफॉर्मर, डिमांड चार्ज (मंजूर लोडवरचा मासिक आकार), आणि फाइल पुढे सरकायला लागणारा वेळ. आळीपाळीने लावल्या तर निम्म्यात भागतं.

पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या अनुदान योजनेतून ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख मिळतात, पण जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमचे चार घोडे जायचेच आहेत, तेव्हा ते भंगारवाल्याला तसेच देऊ नका, नोंदणीकृत केंद्रातूनच काढा. त्याच योजनेच्या अटीत बॅटरीला ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटरची वॉरंटी आहे. तुमच्या फेऱ्यांना हप्ते फिटेपर्यंत ती पुरते का ते बघा, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार हा आकडा करारात घाला.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता दोन गाड्या घेतल्या असत्या. जेएनपीएने (न्हावा शेवाच्या बंदर प्राधिकरणाने) सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरात बॅटरी बदलणारे ५० अवजड ट्रक उतरवलेत आणि तिथल्या सहाशेपैकी ९० टक्के ट्रक २०२६ अखेर इलेक्ट्रिक करायचं ठरवलंय, त्यामुळे खालच्या टोकाची सोय वाढत जाईल. प्रश्न वरच्या टोकाचा. कारखान्यात कंटेनर रिकामा व्हायला दोन-तीन तास गाडी उभीच असते, त्या वेळात चार्जिंग बसलं तर सगळं गणित बदलतं. म्हणून डीलरच्या आधी तुमच्या दोन मोठ्या पार्ट्यांच्या लॉजिस्टिक मॅनेजरना भेटा. त्यांनाही वरून कार्बनचे आकडे मागितले जातात, चार्जरला जागा आणि वीज ते देतील अशी बरीच शक्यता आहे. बदल्यात दोन-तीन वर्षांचा भाड्याचा करार मागा. तो हातात आला की कोटेशन इथे टाका, हप्त्याचं गणित सोबत बसून करू.