इफ-एल्स येत असताना प्रश्नचिन्ह-कोलनवाला ऑपरेटर कशाला शिकायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इफ-एल्स नीट जमतं, पण प्रश्नचिन्ह-कोलनवाला, म्हणजेच कंडिशनल ऑपरेटर दिसला की अडखळायला होतं. कुणी म्हणतं तो इफ-एल्सचं छोटं रूप आहे, कुणी म्हणतं त्यानं प्रोग्राम वेगात चालतो. आणि आता ‘तीन संख्यांमधली सर्वात मोठी एका ओळीत काढा’ हा सराव पुढ्यात आलाय, त्याचं मित्रानं दिलेलं उत्तर वाचताच येत नाही.

वेगाचं आधी निकालात काढू. साध्या तुलनेसाठी दोन्ही पद्धतींतून कंपाइलर (आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा सारखाच मशीन कोड काढतो. वेगासाठी हा ऑपरेटर वापरू नका.

‘छोटं रूप’ हे मात्र जास्त घोटाळ्याचं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. मलाही तसंच शिकवलं होतं आणि त्यामुळे कितीतरी दिवस मी तो नको तिथे वापरला. फरक लांबीचा नाहीच. सी, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांत इफ हे स्टेटमेंट आहे: ते काम करतं, पण त्याची स्वतःची किंमत नसते. कंडिशनल ऑपरेटर हे एक्स्प्रेशन आहे, म्हणजे दोन अधिक तीनची जशी पाच ही किंमत असते तशी त्यालाही किंमत असते. म्हणून जिथे किंमत चालते तिथे तो बसतो: बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे, फंक्शनच्या कंसात, रिटर्नच्या पुढे. इफ तिथे बसत नाही.

(खालच्या ओळींत नावं मराठीत ठेवलीत, वाचायला सोपं जावं म्हणून.)

मोठी = अ > ब ? अ : ब;

ही ओळ मराठीत मोठ्यानं वाचा. प्रश्नचिन्हाला ‘असेल तर’ म्हणा, कोलनला ‘नाहीतर’. ‘अ हा ब पेक्षा मोठा असेल तर अ, नाहीतर ब.’ आपण अट आधीच बोलतो, त्यामुळे हा क्रम आपल्याला खरं तर सोयीचा आहे. पायथनमध्ये उलट: आधी उत्तर, मग अट, मग दुसरं उत्तर. ‘अ घे, जर अ मोठा असेल, नाहीतर ब.’ मला तो क्रम अजूनही क्षणभर थांबवतो. पायथनला हे एक्स्प्रेशन मिळालंच उशिरा, २००६ साली २.५ आवृत्तीत.

मग कधी वापरायचा? स्वतःला एकच विचारा: मी दोन किमतींमधून एक निवडतोय, की दोन कामांमधून एक? किंमत निवडायची असेल तर हा ऑपरेटर, काम निवडायचं असेल तर इफ. म्हणजे असं लिहू नका:

अ > ब ? दाखव(अ) : दाखव(ब);

सी हे चालवून घेते, जावा ‘हे स्टेटमेंटच नाही’ म्हणून नाकारते, आणि माझ्या मते जावाचं बरोबर आहे. इथे काम एकच आहे, दाखवणं. निवडायची आहे ती किंमत. म्हणून:

दाखव(अ > ब ? अ : ब);

आणखी एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. दोन पर्यायांपैकी जो निवडला जातो तेवढाच चालतो, दुसऱ्याला हातही लागत नाही. त्यामुळे हे सुरक्षित आहे:

सरासरी = नग == ० ? ० : बेरीज / नग;

नग शून्य असतील तर भागाकार होतच नाही.

आता कंस. सी प्लस प्लस शिकताना माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. गुण पुरेसे असतील तर ‘पास’, नाहीतर ‘नापास’ छापायचं होतं, आणि पडद्यावर येत होतं नुसतं १. मी सीआउटपुढे (सी प्लस प्लसमध्ये पडद्यावर छापायला हे वापरतात) असं लिहिलं होतं:

<< (गुण >= सीमा) ? "पास" : "नापास";

अटीला कंस घातला, छान वाटलं. पण छापण्याच्या << या चिन्हाचा मान कंडिशनल ऑपरेटरपेक्षा वरचा असतो, म्हणजे ते आधी लागू होतं. त्यामुळे आधी कंसातलं खरं-खोटं छापलं गेलं, म्हणजे १, आणि ‘पास’ निवडला जाऊन कुणीच न वापरता वाया गेला. सगळे वॉर्निंग चालू ठेवले असते तर कंपाइलरनं तेव्हाच सांगितलं असतं. या ऑपरेटरच्या खाली जवळपास फक्त किंमत देण्याचं बरोबर-चिन्ह आणि स्वल्पविराम उरतात. म्हणून नियम सोपा ठेवा: बरोबर-चिन्हाच्या उजवीकडे एकटा असेल तर कंस नको, इतर कशाला चिकटला असेल तर अख्ख्याला कंस. जावास्क्रिप्टमध्ये वाक्याला अधिकच्या चिन्हानं जोडतानाही नेमकी हीच चूक होते, आणि तिथे तर एररही येत नाही.

नवशिक्यांच्या कोडमध्ये हेही फार दिसतं: अट ? खरं : खोटं. अट मुळातच खरं किंवा खोटं असते, तीच सरळ लिहा.

असे ऑपरेटर एकात एक घालण्याबद्दल मतं टोकाची आहेत. गो भाषेत हा ऑपरेटर मुद्दामच ठेवलेला नाही, कारण त्यातून वाचता न येणाऱ्या ओळी तयार होताना तिच्या कर्त्यांनी पाहिल्या होत्या. रस्ट आणि कोटलिनमध्ये इफलाच किंमत असते, म्हणून तिथे याची गरजच नाही. पीएचपीची गंमत वेगळीच. एकापुढे एक लावलेल्या अशा ऑपरेटरांची साखळी इतर भाषा उजवीकडून जोडतात, ती डावीकडून जोडायची, आणि उत्तरं भलतीच यायची. शेवटी ८.० आवृत्तीपासून कंसाशिवायची साखळी ही सरळ एररच झाली.

आता तुमचा सराव. मित्राची ओळ बहुधा अशी असेल:

मोठी = अ > ब ? (अ > क ? अ : क) : (ब > क ? ब : क);

चूक काही नाही. निदान कंस तरी आहेत. पण मी असलं लिहीत नाही. मी दोन ओळी लिहितो:

मोठी = अ > ब ? अ : ब;
मोठी = मोठी > क ? मोठी : क;

चौथी संख्या आली तर इथे एक ओळ वाढेल. मित्राची ओळ मात्र पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागेल. सरावात ‘एका ओळीत’ची अट असेलच, तर कंसवाली ओळ देऊन टाका, आणि घरी दोन ओळींची करून बघा.